गळ्यापर्यंत भरलेली टाकी

"ह्या माळ्यार एक तर माझे हंडे ऱ्हवतले, नायतर तुमचा ता विमान!" जाईबाई म्हणाल्या आणि सोलकढीच्या पातेल्यावर झाकण असं काही आपटलं, की पलीकडच्या खोलीतल्या कौसल्याकाकूंनी चालू मालिकेचा आवाज बंद केला. घोडपदेवच्या त्या चाळीत भिंती आहेत, नाही असं नाही. पण त्या खोल्या वेगळ्या दाखवण्यापुरत्या. ऐकण्याच्या आड त्या कधी आल्या नाहीत.

जयवंतराव परब पोटमाळ्याच्या शिडीवर मधल्या पायरीवर उभे होते. काखेत विमान होतं. वर जावं तर हंडे, खाली यावं तर जाईबाई. तरुणपणी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर गोदीत, अशी सगळी हयात फिटर म्हणून काढलेल्या या गृहस्थाला दुसरं व्यसन नव्हतं. तंबाखू नाही, पत्ते नाहीत. फक्त हे हातभर लांबीचं, लाल पंखांचं विमान.

आता विमान म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे रिमोट घेतलेला माणूस येईल. तो पुसून टाका. जयवंतरावांचं विमान तारेवरचं. उडवणारा मैदानाच्या मध्यात मूठ धरून उभा राहतो. मुठीपासून दोन बारीक पोलादी तारा विमानाच्या पंखापर्यंत जातात आणि विमान त्याच्याभोवती गरगर फिरतं. मूठ वर कलली की विमान वर, खाली कलली की खाली. हळू नाही, जोरात नाही, आणि 'थांब' तर मुळीच नाही. टाकीतलं इंधन संपलं की इंजिन आपणहून गप्प होतं आणि विमान उतरतं. घाण्याला बैल फिरतो तसंच म्हणा. फरक एवढाच, की इथे मधला खुंटाही फिरतो.

जाईबाईंचा राग उगीच नव्हता. चाळीत दर एक मेला सार्वजनिक सत्यनारायण असतो आणि पूजेनंतर जयवंतरावांच्या विमानाचं उड्डाण. मागच्या वर्षी मात्र इंजिन हवेतच आचके देऊन बंद पडलं आणि विमान नाक खाली करून थेट महाप्रसादाच्या शिऱ्यात घुसलं. हे इंजिन चालायचं मिथेनॉलवर, आणि वंगण म्हणून त्यात एरंडेल. वर्षानुवर्षं इंजिनाच्या हाडामांसात मुरलेलं ते एरंडेल गरम शिऱ्यात मोकळं झालं. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, म्हणून कोणी म्हटलं नाही. पुढचं जास्त सांगत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे चाळीच्या मधल्या संडासाचं दार कोणाच्या तरी घाईत बिजागऱ्यांसकट उखडून आलं, एवढं सांगितलं तरी पुरे. ते दार त्यानंतर वर्षभर बसलं नव्हतं. बायका छत्री घेऊन जात. पावसाळ्यात नव्हे, बारा महिने.

"तुमच्या विमानापायी माका छत्री घेऊन जावचा लागता," जाईबाई म्हणाल्या. "आता ऐका. यंदा ता आपल्या चाकांर, आख्खा, चार माणसांसमोर उतराक व्हया. उतारला तर माळो तुमचो. नाय उतारला तर दोन तारखेक भंगारवाल्याक मीच हाक मारतलंय."

जाईबाईंनी मारलेली हाक भंगारवाल्याला ऐकू जाणारच, यात शंका नव्हती. त्यांचे वडील गावी रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे. देवापुढे उभं राहून गावाच्या वतीनं मागणं मागायचं आणि मागे गावानं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, हे काम ऐऱ्यागैऱ्या घशाचं नाही. मुलगा नव्हता, म्हणून तो घसा जाईबाईंकडे आला होता.

जयवंतराव कामाला लागले. दोष इंजिनाचा नव्हता, मिथेनॉलचा होता. जुना साठा हवेतलं पाणी पिऊन फितूर झाला होता आणि नवा मिळत नव्हता. मिथेनॉल मागायला गेलं की दुकानदार आपल्याकडे हातभट्टीवाल्याकडे बघावं तसा बघतो आणि परवाना विचारतो. तेव्हा एकच मार्ग उरला. इंजिन पेट्रोलवर आणायचं.

"अरे पण ते पेट्रोलवर चालेल का?" गिरगावातून खास आलेले त्यांचे मित्र रमाकांत म्हणाले. रमाकांत निवृत्त हेडक्लार्क. विमान हातात धरून योग्य वेळी सोडणं हे त्यांचं खातं, आणि शंका काढणं हे जोडखातं.

"का नाही चालणार? मिथेनॉलला तापलेली तार पुरते, ती तार विझत नाही. पेट्रोलला दर फेरीला ठिणगी लागते. ठिणगी दिली की झालं."

"आणि ठिणगी कोण देणार?"

"मी बसलोय ना!"

आणि खरोखरच त्यांनी दिली. जुना प्लग काढून हरभऱ्याच्या घाट्याएवढा स्पार्क प्लग बसवला. ठिणगीला दर फेरीची वेळ कळावी म्हणून पंख्याच्या बुडाशी मटकीच्या दाण्याएवढं लोहचुंबक चिकटवलं. ठिणगी पाडणारी डबी आणि तिची बॅटरी विमानाच्या पोटात भरली. गवत कापायच्या यंत्राचा कार्बोरेटर कानसून कानसून मापात आणला. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलं. ठिणगी बंद करायला एक इवलंसं बटणही बसवलं. सगळं झालं आणि पेट्रोल भरून विमान माळ्यावर ठेवून जयवंतराव समाधानाने झोपले.

सकाळी उठून बघतात तर इंधनाची सिलिकॉनची नळी पेट्रोल पिऊन दुधीभोपळ्यासारखी सुजलेली, आणि टाकीतलं सगळं पेट्रोल माळ्याच्या फळीतून गळून खाली आमसुलांच्या बरणीवर. मिथेनॉलला चालणारी नळी पेट्रोलला चालत नाही, हे ज्ञान त्यांना असं झालं. चाळीला दुसरं झालं. वास मजलाभर पसरला आणि कौसल्याकाकूंनी गॅलरीत उभं राहून जाहीर केलं, "कोणी गॅस पेटवू नका गो! परबांच्या घरात पेट्रोलपंप फुटलाय!" सगळा मजला दुपारपर्यंत बिनचहाचा राहिला. बिनचहाची चाळ काय असते, हे ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. एरवी एकमेकांच्या सुनांची स्तुती करणाऱ्या सासवाही त्या दिवशी खरं बोलून गेल्या.

नळी बदलली. मग चाचण्या. गॅलरीच्या कठड्याला फळी बांधली, फळीला इंजिन बांधलं आणि लाकडी दांडीनं पंख्याला टिचकी मारली. इंजिन असं काही कडाडलं, की खालच्या मजल्यावरचा पोपट त्यानंतर आठवडाभर तेवढाच आवाज काढत होता. लगेच चहूकडून हाका. "ओ परब! बंद करा! बाळ झोपलंय!" जयवंतरावांनी बटण दाबून बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. "ओ परब! मॅच लागलीये!" पुन्हा बंद. अशा पुष्कळ चाचण्या झाल्या, पण एका दमात टाकी संपेपर्यंत इंजिन चाळीनं एकदाही चालू दिलं नाही. पुढच्या सगळ्या महाभारताचं मूळ इथे आहे, ते ध्यानात ठेवा.

"जयवंता, टाकी किती भरायची?" रमाकांतांनी विचारलं.

"हे काय विचारणं झालं? गळ्यापर्यंत. नेहमीसारखी."

"आणि उडेल किती वेळ?"

"टाकी तीच, तर वेळ तोच. पाचसात मिनिटं. बालदी बदलली का? नाही ना? मग आंघोळ तेवढ्याचीच."

रमाकांतांना हे तर्कशुद्ध वाटलं. हेडक्लार्कांना बालदीचं उदाहरण नेहमी पटतं.

इकडे मंडळाचा सेक्रेटरी धनेश वेगळ्याच हवेत होता. त्यानं यंदा प्रमुख पाहुणे म्हणून पाताडेसाहेबांना बोलावलं होतं. पाताडेसाहेब म्हणजे विभागातलं बडं प्रस्थ. पांढरेशुभ्र, कडक इस्त्रीचे, आणि लोकांत 'चालू गाडीवाले' म्हणून ओळखले जाणारे. कारण त्यांची गाडी कुठल्याच कार्यक्रमाला बंद होत नसे. इंजिन चालूच. साहेब उतरणार, हार घेणार, 'तुमचा प्रश्न माझ्या कानावर आहे' म्हणणार आणि गाडीत बसणार. संडासाच्या दाराचा प्रश्नही वर्षभर त्यांच्या कानावरच होता. कानावरून खाली उतरायला त्याला वाट सापडत नव्हती.

"काका, एक भारी आयडिया आहे," धनेश म्हणाला. "उड्डाण साहेबांच्या शुभहस्ते! तुम्ही मध्ये मूठ धरायची, साहेब तुमच्या मुठीवर हात ठेवणार. फोटो, व्हिडिओ, सगळं. कॉलरला माईक लावतो, साहेब तिथूनच दोन शब्द बोलतील."

"अरे, पण एकदा विमान सुटलं की त्यांना रिंगणाबाहेर जाता नाय येणार."

"किती वेळ?"

"पाचसात मिनिटं."

"मग काय! तेवढ्यात पब्लिकला साहेब जरा नीट बघायला तरी मिळतील."

साहेबांचा पीए हितेंद्र याने घड्याळ बघून ही पाचसात मिनिटं मंजूर केली. पुढे परळला एक उद्घाटन होतं आणि दादरला एका लग्नात अक्षता.

एक मेची संध्याकाळ उजाडली म्हणता येत नाही, पण दिव्यांच्या माळांनी मैदानात उजाडल्यासारखंच झालं होतं. धनेशने पहिल्या मजल्याच्या उंचीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पताकांचं जाळं विणलं होतं. ते पाहून जयवंतरावांनी धनेशला हाक मारली.

"अरे धनेश, विमान वर कुठून जाणार?"

"खालून उडवा की काका! लोकांना जवळून दिसेल."

आता पताका काढायला वेळ नव्हता. म्हणजे विमान छातीच्या उंचीवरच फिरवायचं. एका बाजूला बिल्डरने टाकून ठेवलेला डेब्रिसचा ढीग, त्याच्या अलीकडे दोरी बांधून केलेलं रिंगण, दोरीपलीकडे सगळी चाळ. महाप्रसादाचं पातेलं यंदा लांब दुसऱ्या मजल्यावर ठेवलं होतं आणि त्यावर कौसल्याकाकू स्वतः बसल्या होत्या. पातेल्यावर नव्हे, पातेल्याशेजारी. पण चाळीत सांगताना 'वर' असंच सांगतात.

जाईबाईंनी इंजिनाला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नवऱ्याकडे बघून एकच शब्द उच्चारला, "चाकांर."

साहेब आले. गाडी चालूच होती. हार झाला, माईक लागला, साहेब रिंगणाच्या मध्यात जाऊन उभे राहिले आणि जयवंतरावांच्या मुठीवर आपला अंगठ्यांनी भरलेला हात ठेवून कॅमेऱ्याकडे हसले. तिकडे रमाकांतांनी टाकी गळ्यापर्यंत, अगदी काठोकाठ भरली, बटण चालू केलं आणि पंख्याला टिचकी मारली. पहिल्याच टिचकीला इंजिन कडाडलं. त्यांनी विमान सोडलं.

काय उडालं म्हणता! मिथेनॉलवर हे विमान म्हाताऱ्या बैलासारखं रडत निघायचं. पेट्रोलवर ते उधळलेल्या वासरासारखं सुटलं. चाळीने शिट्ट्या मारल्या. जयवंतराव मूठ धरून फिरू लागले आणि साहेबांनाही फिरावं लागलं, कारण तारा फिरत होत्या आणि तारेच्या आड जो येईल त्याची खांडोळी होणार, हे कोणी सांगायची गरज नव्हती. साहेबांनी हात मुठीवरून काढला आणि जयवंतरावांच्या कमरेला मागून मिठी मारली. स्कूटरवर मागे बसलेल्या नवपरिणितेसारखे ते दिसू लागले.

"मित्रहो," साहेब माईकवर म्हणाले, "महाराष्ट्र दिनाच्या या मंगल... अहो, जरा हळू फिरा ना!"

"हळू नाय फिरता येत साहेब. विमानाच्या वेगानं फिरायला लागतं."

"...या मंगल प्रसंगी तुमचा प्रश्न माझ्या कानावर आहे. धन्यवाद." भाषण संपलं. साहेबांनी आवाज खाली आणून विचारलं, "आता कधी उतरणार?"

"झालंच साहेब. आता आचका देईल."

इंजिनानं आचका दिला नाही. पाच मिनिटं झाली, सात झाली, आणि ते तसंच खणखणीत गात राहिलं. दोरीपाशी हितेंद्र घड्याळावर बोट ठेवून खुणा करत होता, पण साहेबांना तो फेरीगणिक एकदाच दिसायचा. एकदा तो हात वर केलेला दिसला, एकदा कपाळावर मारलेला.

"परब, हे थांबवायला काही बटण नाही का?"

"आहे की साहेब!"

"मग दाबा ना!"

"ते विमानावर आहे."

साहेबांनी अर्धी फेरी विमानाकडे डोळे वटारून पाहिलं. मग म्हणाले, "माणसाने बटण हाताशी ठेवावं, एवढी अक्कल नाही तुम्हाला?"

"मिथेनॉलला बटणच नसायचं साहेब. हे नवीन आहे."

आणि इथे जयवंतरावांच्या डोक्यात, सगळं मैदान डोळ्यांपुढून वाहत असताना, लख्ख उजेड पडला. बालदी तीच होती, पण पाणी वेगळं होतं! मिथेनॉल म्हणजे उधळ्या. इंजिन ते घटाघटा पितं. पेट्रोल म्हणजे कोकणी सासूबाई. चमचाभर तेलात घरभर फोडणी. जेवढ्या टाकीत पूर्वी एक उड्डाण व्हायचं, तेवढ्यात आता तीन होणार, कदाचित चार. आणि ती भरली होती गळ्यापर्यंत.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "तुम्हाला घाई आहे का?"

"परळला लोक ताटकळलेत माझ्यासाठी! आणि खरं सांगू का, या भिकारड्या कार्यक्रमाला मी येणारच नव्हतो. हितेंद्र म्हणाला, पाच मिनिटं तोंड दाखवून या."

मैदान एकदम शांत झालं. इंजिन सोडून सगळं. साहेबांच्या कॉलरचा माईक चालू होता आणि चारी कर्ण्यांनी हे वाक्य चाळीच्या चारी मजल्यांवर पोचवलं होतं. पोपटसुद्धा गप्प झाला.

"साहेब, माईक," जयवंतराव कुजबुजले. हेही सगळ्यांना ऐकू गेलं.

"साहेब, खाली बसा आणि रांगत बाहेर या!" हितेंद्र ओरडला. साहेबांनी वाकून बघितलं. विमान छातीच्या उंचीवर होतं, रांगणं अशक्य नव्हतं. पण दोरीभोवती शंभरएक मोबाइल उंचावलेले होते. हितेंद्रलाही ते दिसले. "नको साहेब, नको! रांगताना फोटो निघाला तर निवडणूकभर फिरेल! उभेच राहा!"

"अरे, उभा कुठे आहे मी? फिरतोय!"

"मग फिरत राहा, पण रुबाबात!"

रुबाब हा प्रकार पाचपन्नास फेऱ्यांनंतर फार टिकत नाही. साहेबांची टोपी गेली. हाराची फुलं गळून दोरा राहिला. त्यांनी गाल जयवंतरावांच्या पाठीला टेकवला आणि डोळे मिटले. जयवंतरावांना फिरण्याची सवय होती, पण त्यांची नजर विमानावर नव्हती, चाकांवर होती. विमान पडलं तर उद्या भंगारवाला. साहेब पडले तर विमानही पडेल, कारण साहेब त्यांना धरून होते. म्हणून ते दात-ओठ खाऊन म्हणत होते, "धरून राहा साहेब, सोडू नका. मला तुमची गरज आहे." कर्ण्यांवरून हे ऐकताना काही बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात स्टेजवरच्या माईकजवळ कोणीतरी गेलं. जाईबाई.

त्यांनी इतका वेळ कमरेवर हात ठेवून हे सगळं पाहिलं होतं. वर्षातून एकदा येणारा साहेब रिंगणाच्या मध्यभागी उभा आहे, हार घातलेला आहे, डोळे मिटलेले आहेत, आणि त्याला कुठेही जाता येत नाही. असं दृश्य त्यांनी याआधी फक्त देवळात पाहिलं होतं. पुढचं त्यांना शिकवावं लागलं नाही. ते रक्तातच होतं. त्यांनी माईक हातात घेतला, डोक्यावर पदर घेतला आणि वडिलांचा तो घसा मोकळा सोडला.

"बा देवा म्हाराजाऽऽ!"

चाळ क्षणभर गोंधळली. पण अर्धी चाळ मालवणची आणि उरलेली अर्धी त्यांच्या शेजारची. एकमुखाने उत्तर आलं, "व्हय म्हाराजा!"

"वर्साक एकदा येतंस, हार घेतंस, नि गाडी बंद न करता परत जातंस म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुका जावक वाट नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

"चाळीच्या मधल्या संडासाक वरसभर दार नाय म्हाराजा! बायामाणसां छत्री उघडून बसतत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!!" या वेळी सगळ्यात वरचा आवाज दुसऱ्या मजल्यावरून, शिऱ्याच्या पातेल्याशेजारून आला.

"मैदानात डेब्रिसचो डोंगर केलो हा म्हाराजा! जो कोण वाकडा करता, त्याच्या वाकड्याचा सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एरवी भक्त देवाला प्रदक्षिणा घालतात. इथे देव जागच्या जागी फिरत होता आणि भक्त उभे होते. साहेबांनी एक डोळा उघडला. चाळ फिरत होती, डेब्रिस फिरत होतं, जाईबाई फिरत होत्या आणि दर फेरीला नव्या मागणीसह परत येत होत्या. साहेबांच्या लक्षात आलं, की हा कट आहे. नवरा विमान थांबवत नाही आणि बायको मागणं मागते.

"परब," ते कण्हत म्हणाले, "तुम्हाला काय पाहिजे?"

"मला? विमान चाकांवर उतरायला पाहिजे."

"अहो, सरळ बोला ना! दार ना? देतो! उद्या सकाळी देतो! डेब्रिस उचलतो! आणि..." माईक चालू आहे हे आठवून त्यांनी मान वर केली आणि उरलेल्या सगळ्या ताकदीनिशी ओरडले, "चाळकऱ्यांनो! उद्या सकाळी संडासाला दार बसेल! हा माझा शब्द आहे!"

"व्हय म्हाराजा!" चाळ गरजली.

आणि इंजिनाने आचका दिला.

खोटं वाटेल, पण अगदी त्याच क्षणी. फट्, फट्, फुस्स. पंखा थांबला. मैदानात अशी शांतता पसरली की पताकांची फडफड ऐकू आली. जयवंतरावांनी मूठ हलकेच कलती केली. विमान घार उतरते तसं अलगद खाली आलं, चाकं टेकली, धुरळा उडाला, आणि ते तुरुतुरु धावत रमाकांतांच्या पायाशी जाऊन उभं राहिलं. आख्खं. चाकांवर.

जयवंतराव थांबले. मैदान मात्र थांबलं नाही. त्यांनी एक पाऊल डावीकडे टाकलं, दोन उजवीकडे, आणि साहेबांसकट असे आडवे झाले, की खाली कोण आणि वर कोण हे ठरवायला हितेंद्र आणि धनेश दोघांना धावावं लागलं.

जाईबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. जयवंतरावांना तीन जाईबाई दिसल्या. त्यांनी मधलीला विचारलं, "माळा गेला का गो?"

"अट विमानाची होती," जाईबाई म्हणाल्या. "तुमची नाय होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार आला. दार बसलं, आतून कडी, बाहेरून रंग, सगळं. चार दिवसांत डेब्रिसही उचललं गेलं. परळच्या लोकांनी साहेबांची तासभर वाट पाहिली आणि शेवटी फीत आपणच कापली. दादरच्या अक्षता साहेबांना मिळाल्या नाहीत, पण नवरा-नवरीचं फारसं अडलं नाही.

"लोकांना खरं सांगायला पाहिजे," जयवंतराव रमाकांतांना म्हणाले. "मी काही थांबवलं-बिंबवलं नाही. पेट्रोल संपलं."

"सांग की. कोण विश्वास ठेवतोय?"

रमाकांतांचं बरोबर होतं. जयवंतराव सांगत राहिले आणि ऐकणारे डोळा मारत राहिले. वडाळ्यापासून लालबागपर्यंत मंडळांची रीघ लागली. कुणाला पाणी येत नव्हतं, कुणाची गटारं तुंबली होती, एका सोसायटीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बसली होती. सगळ्यांना एकच हवं होतं. काका, आमच्याकडे या, विमान आणा, आणि वहिनींनाही आणा. जाईबाईंनी माळ्यावरचे हंडे स्वतः खाली काढून गॅलरीत लावले, विमानाखाली मऊ गोधडी घातली, आणि येता-जाता वर बघून हात जोडू लागल्या.

चाळीचा पुढचा कार्यक्रम कोजागिरीला ठरला. नळाला पाणी पहाटे येतं आणि धारही करंगळीएवढी, तेव्हा यंदा पाणीखात्यातल्या एका मोठ्या अधिकाऱ्याला बोलवायचं ठरलं. धनेश फोन करून तोंड पाडून परबांच्या खोलीत आला. तिथे जयवंतराव आणि रमाकांत कार्बोरेटर उघडून बसले होते.

"काका, साहेब हुशार निघाले. त्यांनी आधी विचारलं, इंजिन मिथेनॉलवर आहे की पेट्रोलवर."

"मग? तू काय म्हणालास?"

"खोटं कसं बोलू? पेट्रोल म्हणालो. तर म्हणतात, येतो, पण रिंगणात येणार नाही. स्टेजवर खुर्चीत बसेन आणि विमान लांबूनच बघेन."

जयवंतरावांना हायसं वाटलं. त्यांना अजून पूर्ण सरळ चालता येत नव्हतं. "बरंच झालं," ते म्हणाले. "लांबूनच बघू देत. उगीच कशाला..."

शेगडीपाशी खोबरं किसत बसलेल्या जाईबाईंचा हात थांबला. त्यांनी दारातून मैदानाकडे पाहिलं. मध्यापासून स्टेजपर्यंतचं अंतर नजरेनं मोजलं. मग पुन्हा किसायला लागल्या.

"तारा लांब करा," त्या म्हणाल्या.

"किती लांब?" रमाकांतांनी विचारलं.

"स्टेज रिंगणात येयपर्यंत."